काटा हलतो तो थांबण्यासाठी
(संकेतस्थळावरील हालचालीविषयी व्यापारी बंधूंशी हितगुज)

आपल्या वडिलांच्या अथवा आजोबांच्या काळातील पेढी ज्यांनी पाहिली असेल, त्यांच्या डोळ्यांपुढे एक चित्र सहज उभे राहील. पांढरीशुभ्र गादी, तिच्यावर लोड-तक्के, लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या, मागे छतापर्यंत थप्पीस लावलेले कट्टे आणि पुढे टांगलेला मोठा तराजू. दुकानात वस्तू शेकडो असत. परंतु माल घेताना गिऱ्हाइकाची नजर एकाच ठिकाणी खिळून राही, ती तराजूच्या काट्यावर. काटा एकीकडे झुके, क्षणभर डोले आणि मध्यावर येऊन स्थिर होई. तो स्थिर झाला, की गिऱ्हाईक मान हलवी व सौदा पुरा होई. भोवतालच्या साऱ्या वस्तू निश्चल होत्या म्हणून काट्याचे हलणे दिसत होते. आणि काटा अखेर थांबत होता म्हणूनच त्यावर विश्वास बसत होता. या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते सारे या काट्यात सामावलेले आहे.

आज आपल्या सीमाभागातील पेढ्यांचे रूप पालटले आहे. बिदर, भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, आळंद आणि कलबुर्गी येथील आपले कित्येक व्यापारी बंधू आता भ्रमणध्वनीवर भाव कळवितात आणि संकेतस्थळावर मालाची यादी ठेवतात. सोलापूर, लातूर वा हैदराबाद येथील खरेदीदार आपल्या पेढीची पायरी चढण्यापूर्वी तिचे संकेतस्थळ पाहतो. 2019 साली 'गुलबर्गा तूर डाळ' या नावास भौगोलिक मानांकन प्राप्त झाल्यापासून तर दूरदूरच्या गिऱ्हाइकाला आपला माल दाखविण्यास एक निमित्तही मिळाले आहे. तेव्हा संकेतस्थळ हे नव्या काळातील दुकानाचे दर्शनी अंग होय. आणि दर्शनी अंग कसे असावे याचा विचार हौसेवर सोपवून चालत नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो. तो अनुभव प्रथम सांगतो.

आमच्या हातून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या डाळींच्या पेढीचे संकेतस्थळ करविले. करणारा घरातलाच तरुण मुलगा होता. त्याने प्रथम साधे, नीटस पान तयार करून दाखविले. आम्हांसच ते सुने वाटले. "अरे, शेजारच्यांचे पाहा, कसे सारे हलते! आपल्याही पानावर काहीतरी हलते पाहिजे," असा आग्रह आम्हीच धरला. मग नाव चकाकू लागले, डाळीचे दाणे वरून पडू लागले, 'नवीन' हा शब्द लुकलुकू लागला आणि त्या दिवसाचे भाव एका अरुंद पट्टीतून उजवीकडून डावीकडे सरकू लागले. आम्ही प्रसन्न झालो.

औराद तालुक्यातील एका खेड्यात आमचे एक जुने किराणा व्यापारी आहेत. वय सत्तरीच्या घरात. त्यांनी एके सकाळी त्या धावत्या पट्टीवर भाव वाचला व पहिल्या प्रतीच्या तूर डाळीचे दहा कट्टे मागविले. मालाचे नाव पडद्यावरून सरून गेले होते आणि मागून आलेला भाव दुय्यम प्रतीचा होता. तो त्यांनी पहिल्या प्रतीचा म्हणून धरला आणि त्याच हिशोबाने गावातील एका लग्नघरी शब्दही देऊन टाकला. माल पोहोचला, बिल पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः पेढीवर आले. त्यांनी आवाज चढविला नाही. एवढेच म्हणाले, "शेठ, तुमची पाटी पळते हो. आमचे डोळे आता तेवढे पळत नाहीत. पाटीवरचा भाव खरा धरायचा, की बिलावरचा?"

आम्ही पाटीवर त्यांना जो दिसला, त्याच भावाने बिल दुरुस्त करून दिले. त्यात जो तोटा आला तो पुढे भरून निघाला. परंतु तीन पिढ्यांच्या ओळखीच्या माणसाने आमच्या भावाविषयी शंका विचारावी, ही गोष्ट मात्र मनास लागून राहिली. त्या दिवशी आम्हांस कळून चुकले, की पडद्यावरील हालचाल म्हणजे केवळ शोभा नव्हे. ती पेढीच्या पतीशी निगडित आहे.

हौसेचा इतिहास

या हौसेला बळी पडलेले आम्ही पहिलेच नव्हतो, हे मागाहून ध्यानात आले. हलणारे छोटे चित्र ज्यात साठवता येते तो 'जीफ' हा चित्रप्रकार 1987 साली निघाला. पुढे 1995 च्या सुमारास नेटस्केप या ब्राउझरने, म्हणजे संकेतस्थळे दाखविणाऱ्या प्रणालीने, ही चित्रे अखंड फिरत ठेवण्याची सोय केली आणि जगभरच्या पानांवर फिरते गोल व फडफडणारे झेंडे अवतरले. अक्षरे लुकलुकविण्याची युक्तीही त्याच नेटस्केपची. तिच्याशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या लू माँटुली यांनी ती मुळात थट्टेतून निघाल्याचे पुढे सांगितले व तिच्याविषयी खेदही व्यक्त केला. 2013 साली फायरफॉक्स या ब्राउझरने ती कायमची काढून टाकली. अक्षरे सरकविणारी पट्टी ही मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरची देणगी. तीही आता प्रमाण नियमांत त्याज्य ठरली आहे.

याहून मोठा धडा 'फ्लॅश' या तंत्राचा आहे. 1996 सालापासून त्याचा प्रसार झाला. पुष्कळांनी आपले संपूर्ण संकेतस्थळ त्यातच बांधले. दार उघडण्यापूर्वी गिऱ्हाइकाने अर्धा मिनिट नाचणारी अक्षरे पाहावीत अशी व्यवस्था असे, आणि कोपऱ्यात 'हे वगळा' अशी कळ असे. बहुतेक लोक तीच कळ प्रथम दाबीत! ॲपलच्या आयफोनने फ्लॅशला थारा दिला नाही. आणि 31 डिसेंबर 2020 रोजी अडोबी कंपनीने त्याचा आधार अधिकृतपणे काढून घेतला. ज्यांनी भाव, पत्ता, मालाची यादी असे सारेच त्या नाचात गुंफले होते, त्यांच्या दुकानात अंधार पसरला. साध्या अक्षरांत लिहिलेली पाने मात्र आजही वाचता येतात. शोभेला टेकून भिंत उभारू नये. भिंत उभी राहिल्यावर तिला शोभा आणावी, हा त्यातील बोध.

वाटाण्याचा वेल आणि भांडवल

मग हालचाल सर्वस्वी वर्ज्य मानावी काय? मुळीच नव्हे. याचे सर्वांत सुंदर उत्तर आपल्याच मराठी मुलखात शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी मिळाले आहे, आणि योगायोग असा, की ते एका दाण्याशीच संबंधित आहे.

1912 साली दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. चित्रपट काढण्यास भांडवल हवे होते. परंतु हलत्या चित्राच्या धंद्यात पैसा कोण घालणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक काळ रोज एक चित्र टिपले. ती सारी चित्रे सलग दाखविल्यावर अवघ्या मिनिटभरात दाणा फुटला, अंकुर वर आला आणि त्याचा वेल झाला. 'अंकुराची वाढ' हा तो लहानसा चित्रपट. तो दाखवून त्यांनी धनिकांचा विश्वास संपादन केला, कर्ज उभे केले आणि 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात झळकला. पुढे 1915 साली काड्यापेटीतील काड्या एकेक चित्र घेऊन हलवीत त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा चित्रपटही केला. आज ज्यास ॲनिमेशन म्हणतात, त्याचा हा आपल्याकडील आरंभ.

या कथेत व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी. वाटाण्याचे रोप कसे वाढते, हे स्थिर छायाचित्राने सांगता आले नसते. तेथे हालचाल हीच माहिती होती. आणि ती मिनिटभरात सांगून संपली. पाहणाऱ्याने त्यावर विचार करावा, प्रश्न विचारावेत व निर्णय घ्यावा, एवढी फुरसत तिने ठेवली.

हाच नियम संकेतस्थळास लावावा. जी हालचाल काही सांगते आणि सांगून थांबते, तीच ठेवावी.

हालचाल कोठे कामास येते

पहिली जागा पोचपावतीची. गिऱ्हाइकाने 'मागणी नोंदवा' ही कळ दाबली, की ती किंचित दबल्यासारखी दिसावी व नोंद झाल्याची खूण उमटावी. आपण पेढीवर मान डोलावून "लिहून घेतले" म्हणतो, तसेच हे. मनुष्याच्या प्रतीक्षेची मर्यादा जेकब नील्सन यांनी 1993 साली लिहून ठेवली आहे. दहाव्या भागाच्या सेकंदात उत्तर आले, तर ते तत्काळ वाटते. एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. आणि दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. या काळात काही खूण दिसली नाही, तर गिऱ्हाईक तीच कळ पुन्हा दाबते आणि एका मागणीच्या दोन मागण्या होतात.

दुसरी जागा स्थलांतराची. यादीतील वस्तू निवडली असता ती टोपलीकडे सरकताना दिसली, तर ती कोठे गेली हे न सांगता कळते. तिसरी जागा प्रतीक्षेची. कामास वेळ लागणार असेल, तर किती झाले व किती राहिले हे दाखविणारी पट्टी माणसाला धीर देते. चौथी जागा कृती दाखविण्याची. पोत्याची शिवण कशी तपासावी किंवा यंत्राची चाळणी कशी बसवावी, हे चार हलत्या चित्रांनी जितके स्पष्ट होते तितके पानभर मजकुराने होत नाही.

यांपैकी लहान हालचाली साधारण पाव सेकंदात आटोपाव्यात. त्यांची गतीही विचारपूर्वक ठेवावी. झोपाळा टोकाशी मंदावतो, बैलगाडी हळूहळू वेग घेते व हळूहळू थांबते. निसर्गात कोणतीही जड वस्तू एकदम धावत नाही आणि एकदम गोठत नाही. डिस्ने चित्रशाळेतील फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन यांनी 1981 सालच्या आपल्या ग्रंथात ॲनिमेशनची जी बारा तत्त्वे दिली, त्यांत हे एक आहे. या तत्त्वाने केलेली हालचाल डोळ्यास खुपत नाही.

हालचाल कोठे बाधक होते

मनुष्याच्या दृष्टीची ठेवणच अशी आहे, की कडेला काही हलले तर नजर आपोआप तिकडे वळते. रानात हे वळणे प्राणरक्षक होते. पडद्यावर ते वाचणाऱ्याचा शब्द तोडते. भाव वाचणाऱ्याच्या बाजूला चित्र सतत फिरत असेल, तर आपण स्वतःच गिऱ्हाइकाचा हात धरून त्यास मालापासून दूर ओढतो. शिवाय, वारंवार हलणाऱ्या व जाहिरातीसारख्या दिसणाऱ्या भागाकडे डोळा कालांतराने पाहणेच सोडतो. 1998 साली संशोधकांनी यास 'बॅनर ब्लाइंडनेस' असे नाव दिले. म्हणजे ज्या सवलतीकडे लक्ष जावे म्हणून आपण ती नाचविली, तीच न पाहिली जाण्याचा संभव!

काहींच्या बाबतीत हा प्रश्न प्रकृतीचा होतो. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय असते. त्याचा विकार असलेल्यांना पडद्यावरील मोठ्या सरकण्या-झेपावण्याने घेरी व मळमळ येते. 2013 साली आयफोनच्या नव्या प्रणालीत अशा हालचाली आल्या, तेव्हा अनेकांनी तशा तक्रारी केल्या. आता बहुतेक भ्रमणध्वनींत 'हालचाल कमी करा' अशी निवड असते आणि 2017 पासून संकेतस्थळांनाही ती ओळखता येऊ लागली आहे. झगमगाट तर याहून धोक्याचा. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' मालिकेच्या एका भागात तांबडा व निळा प्रकाश झपाट्याने लुकलुकला आणि सुमारे 685 जणांना, बहुतांशी मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले.

म्हणूनच 2008 सालच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता नियमांत दोन गोष्टी स्पष्ट घातल्या आहेत. एका सेकंदात तीनहून अधिक वेळा काहीही लुकलुकू नये. आणि जी हालचाल आपोआप सुरू होऊन इतर मजकुराशेजारी पाच सेकंदांहून अधिक चालते, ती थांबविण्याची सोय वाचकाच्या हाती असावी. आमची भावाची पट्टी या दुसऱ्या नियमात सरळ अडकत होती. आपल्या देशातही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम्यतेस बळ दिले. आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचा निर्णय दिला. तेव्हा हा विषय केवळ सौजन्याचा राहिलेला नाही.

भाराचा हिशोब

आपल्या गिऱ्हाइकांपैकी पुष्कळजण खेड्यांत राहतात. हातात साधा फोन, शेतात असताना अर्धवट पोहोचणारी लहर आणि रोजच्या वापरास ठरावीक डेटा. जड चलच्चित्राने सजलेले पान त्यांच्यासाठी उघडतच नाही. दुकानात येण्यापूर्वी गिऱ्हाइकाकडून जकात घेण्यासारखाच हा प्रकार होय.

हालचाल हलकी कशी ठेवावी, याचेही शास्त्र आहे. पडदा साधारणपणे सेकंदाला साठ वेळा चित्र रंगवितो. म्हणजे एका चित्रास सेकंदाचा साठावा भाग मिळतो. एखादी वस्तू नुसती सरकविणे, लहान-मोठी करणे किंवा फिकी करणे फोनला सोपे जाते. परंतु तिची लांबी-रुंदी अथवा मांडणीतील जागा क्षणोक्षणी बदलली, तर साऱ्या पानाची मांडणी पुनःपुन्हा करावी लागते. एक कट्टा पुढे ओढण्यासाठी अख्खी थप्पी उतरवून पुन्हा रचण्यासारखे ते आहे. त्याने फोन तापतो, अडखळतो व बॅटरीही लवकर उतरते.

बिदरीचा दाखला

अलंकार किती असावा, हे शिकण्यास आपल्याला दूर जावयाचे कारण नाही. बिदर शहरातील बिदरी काम पाहावे. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूचे भांडे ओतून घडवितात, त्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या रेषांत चांदी ठोकून बसवितात आणि शेवटी किल्ल्यातील जुनी माती व नवसागर यांच्या लेपाने ते घासतात. मिश्रधातू काळाकुट्ट होतो, चांदी मात्र तशीच शुभ्र राहते. या कलेस 2006 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2023 साली येथील कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देण्यात आली. या भांड्याचे सौंदर्य चांदीइतकेच त्या काळ्या भुईचे आहे. सारे भांडे चांदीने मढविले असते, तर नक्षी दिसली नसती. पडद्यावरील हालचाल ही चांदी समजावी आणि स्थिर, स्वच्छ मजकूर ही तिची काळी भुई.

करविणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न

संकेतस्थळ करून घेताना आपल्या बंधूंनी करणाऱ्यास पुढील पाच प्रश्न अवश्य विचारावेत. ही हालचाल गिऱ्हाइकाला काय सांगते? ती केव्हा थांबते? 'हालचाल कमी करा' अशी निवड ज्याने केली आहे, त्याला पान शांत दिसते काय? हालचाल सर्वस्वी बंद केली तरी भाव, पत्ता व माल कळतो काय? आणि साध्या फोनवर, मंद लहरीवर हे पान उघडून पाहिले आहे काय? पहिल्याच प्रश्नास "चांगले दिसते" एवढेच उत्तर आले, तर ती हालचाल निःशंक काढून टाकावी.

आमच्या पानावर आता दाणे पडत नाहीत. भाव एका साध्या कोष्टकात असतात; वर तारीख व वेळ, एका रेषेत मालाची प्रत आणि तिच्यासमोर तिचाच भाव. भाव बदलला, की तेवढाच आकडा क्षणभर पिवळसर होतो व पुन्हा स्थिर होतो. घरच्या मुलाने हे प्रथमच करून दाखविले असते, जर आम्ही त्यास थोडे कमी उपदेश केले असते! औराद तालुक्यातील ते व्यापारी आजही आमच्याकडूनच माल नेतात. मध्यंतरी पेढीवर आले असता त्यांनी फोन काढून आमचे पान उघडले, बोट कोष्टकावर ठेवले आणि म्हणाले, "आता पाटी थांबली, शेठ." आम्हांस त्या क्षणी वडिलांच्या तराजूचा काटा मध्यावर आल्याचा भास झाला.